केस पेरून घेण्याआधी आणि घेतल्यानंतर

वधू-वर परिचय मेळाव्याचे अर्ज भरून घेण्याचे काम आमचे मंडळ बरीच वर्षे करीत आहे. अर्जासोबत येणाऱ्या फोटोंत अलीकडे एक गोष्ट वारंवार दिसते. मुलगा २५-२७ वर्षांचा, शिक्षण बरे, कंत्राटी का होईना पण नोकरी आहे, आणि फोटो मात्र टोपी घालून काढलेला. टोपीशिवायचा फोटो द्या म्हटले की मुलगा आईकडे बघतो, आई जमिनीकडे बघते. मग हळूच विचारणा होते, "काका, चार वर्षांपूर्वीचा चालेल का?"

मुलींच्या बाबतीत तर विचारणासुद्धा होत नाही. भांग रुंद झालेला असेल तर ओढणी डोक्यावरून घेऊन फोटो काढतात आणि विषय तिथेच दडपून टाकतात.

धम्मबंधू आणि भगिनींनो, डोक्यावरचे केस जाणे हा काही गुन्हा नाही. पण आपल्या समाजात केसांचा विषय साधाही नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी गावचा न्हावी आपल्या वस्तीतल्या माणसाच्या डोक्याला हात लावत नसे. म्हशी भादरायला त्याची हरकत नसे, माणसाचे केस कापायला असे. आपली हजामत आपणच एकमेकांची करायची. म्हणून शहरात आल्यावर सलूनच्या खुर्चीत बसणे, आरशात बघून भांग पाडणे, कपाळावर केसांचा कोंबडा काढणे याला आपल्या वडीलधाऱ्यांच्या लेखी निव्वळ नटण्यापेक्षा मोठा अर्थ होता. नीटनेटके राहा, स्वच्छ कपडे घाला हे बाबासाहेबांचे सांगणे त्यांनी मनावर घेतले होते. अशा घरातल्या मुलाचे केस २३ व्या वर्षी गळू लागले की घरच्यांना धक्का बसतो तो उगीच नाही.

मात्र याच समाजाला दुसरीही परंपरा आहे. कपिलवस्तूच्या शाक्य राजपुत्रांचा नाभिक उपाली. राजपुत्रांनी संघात प्रवेश घेताना आपल्याआधी उपालीला दीक्षा द्यावी अशी भगवंतांना विनंती केली. हेतू हा की ज्येष्ठ भिक्खू म्हणून त्याला आपण वंदन करावे आणि आपला शाक्यकुळाचा गर्व गळून पडावा. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचे पठण याच उपालीने केले. श्रामणेराला दीक्षा देताना केस, रोम, नखे, दात आणि त्वचा या पाच गोष्टींचे चिंतन शिकवतात, आणि त्यातही पहिला क्रमांक केसांचा. १० दिवसांच्या श्रामणेर शिबिरातून मुंडन करून आलेला मुलगा वस्तीत ताठ मानेने फिरतो, बायाबापड्या त्याला नमस्कार करतात. तोच मुलगा वर्षभराने केस विरळ झाले म्हणून टोपीखाली लपतो. १९५६ सालच्या छायाचित्रांत बाबासाहेबांच्या कपाळावरचे केस किती मागे गेलेले आहेत हे आपण घरोघरच्या तसबिरीत रोज पाहतो. ते कधी कोणाच्या मनात तरी आले का?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. या लाजेवर आज मोठा बाजार उभा आहे. रेल्वे स्टेशनबाहेर, बसच्या पाठीमागे, मोबाईलवर जाहिराती असतात. एका दिवसात केस, पैसे हप्त्याने, बिनव्याजी. केसरोपण ही शस्त्रक्रिया खोटी नाही, हे आधीच स्पष्ट करतो. जपानचे डॉक्टर ओकुडा यांनी १९३९ साली अशा रोपणाबद्दल लिहून ठेवले होते. न्यूयॉर्कचे डॉक्टर ऑरेन्ट्राइक यांनी १९५२ साली टक्कल पडलेल्या पुरुषावर पहिल्यांदा ती केली. त्यांनी दाखवून दिले की डोक्याच्या मागच्या भागातला केस पुढे नेऊन लावला तरी तो आपला मूळचा स्वभाव सोडत नाही, म्हणजे सहसा गळत नाही. पुढचे केस गळतात ते शरीरातल्या एका संप्रेरकामुळे. पुढच्या आणि माथ्यावरच्या मुळांना ते सोसत नाही, मागच्या मुळांना सोसते. हा गुण आईकडून येतो तसाच वडिलांकडूनही येतो. तेव्हा "तुझ्या मामाचे टक्कल आले" म्हणून आईला बोल लावणाऱ्या घरांनी ते थांबवावे.

शस्त्रक्रिया विज्ञानावर उभी आहे, पण ती करून घेतल्यानंतरचे दिवस कसे असतात हे जाहिरातीत कोणी सांगत नाही. आमच्या वस्तीतला एक तरुण घरपोच माल पोहोचवण्याचे काम करतो. नाव देत नाही. त्याने गेल्या वर्षी हप्त्यावर केस पेरून घेतले. पंधरा-वीस दिवस घरात आनंद होता. चौथ्या आठवड्यात सकाळी उशीवर पाहतो तो पेरलेले केस पडलेले! दोन-चार दिवसांत कपाळ पुन्हा मोकळे झाले. त्याने कामावर जाणे सोडले आणि जेवण सोडले. शेजारच्या एका बाईने नजर लागल्याचे सांगून लिंबू उतरवण्याचा सल्लाही देऊन टाकला. ज्या घरात २२ प्रतिज्ञा फ्रेम करून लावलेल्या आहेत तिथे हा सल्ला! ज्या दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली तिथे फोन केला तर "होते असे, थांबा," एवढेच उत्तर मिळाले. शेवटी त्याची आई माझ्याकडे आली, आणि आम्ही तिघे सरकारी रुग्णालयाच्या त्वचा विभागात गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी भिंगातून डोके पाहिले आणि हसून म्हणाल्या, "मुळं जागेवर आहेत. फक्त दांडा पडलाय. शेतात रोप लावल्यावर पानं झडतात ना, तसं समज."

हे एक वाक्य त्या मुलाला पहिल्या दिवशी कोणी सांगितले असते तर त्याचा महिनाभराचा रोज बुडाला नसता. म्हणून त्या डॉक्टरबाईंकडून समजून घेतलेले आणि नंतर वाचून पडताळलेले इथे सविस्तर लिहितो.

शस्त्रक्रिया डोक्याची कातडी बधिर करून होते, माणूस जागा असतो. सहा-आठ तास लागू शकतात. मागच्या भागातून केसांची मुळे एकेक करून काढतात, किंवा कातडीची पट्टी काढून तिच्यातून मुळे वेगळी करतात. पट्टी काढली तर मागे टाके पडतात, ते साधारण १० ते १४ दिवसांनी काढतात. पुढे बारीक छिद्रे पाडून त्यांत मुळे बसवतात. एका छिद्रात एक मूळ, त्यात एक ते चार केस. या एकेका मुळाला कलम म्हणू या.

पहिले तीन-चार दिवस कपाळावर सूज येते आणि ती उतरत उतरत डोळ्यांपर्यंत येते. पाहणाऱ्याला माणूस कोणाशी मारामारी करून आला की काय असे वाटते. घाबरू नये, सूज आठवड्याच्या आत ओसरते. ती कमी राहावी म्हणून डोके उंच ठेवून उताणे झोपायचे असते. दवाखान्याच्या कागदावर "४५ अंशांत झोपा" असे लिहिलेले असते. आपल्याकडे १० बाय १२ च्या खोलीत पाच माणसे जमिनीवर झोपतात, तिथे ४५ अंश कुठून आणायचे? भिंतीला टेकून गोधडीची वळकटी करावी, तिच्यावर दोन उशा ठेवाव्यात, आणि लहान पोरांना त्या अंगाला झोपू देऊ नये. झोपेत पोराचा पाय लागला तर कलम निघून येते. खाली वाकून वजन उचलायचे नाही. विहारात वंदनेला गेलात तर पहिला आठवडा पंचांग प्रणाम न करता बसूनच हात जोडावेत, त्याने काही कमी होत नाही.

पहिले दहा दिवस सर्वांत जपायचे असतात, कारण कलम अजून कातडीत रुजलेले नसते. बनियन किंवा टी-शर्ट डोक्यावरून ओढून घालू नये, बटणांचा शर्ट घालावा. चाळीतल्या माळ्याची कड, बुटके दार, संडासची चौकट यांना डोके आपटणे हा नेहमीचा अपघात आहे, तो टाळावा. धुण्याचे म्हणाल तर डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून, बहुधा दोन-तीन दिवसांनी, सौम्य शाम्पूचा फेस करून तो नुसता थापायचा आणि मगाने हळूहळू पाणी सोडायचे. नळाखाली किंवा शॉवरखाली डोके धरायचे नाही, टॉवेलने खसाखसा पुसायचे नाही. डोक्यावर बारीक खपल्या धरतात आणि भयंकर खाज सुटते. नख लावायचे नाही. खपल्या १० ते १४ दिवसांत भिजून आपोआप पडतात.

कामाचे काय? टेबलावर बसून काम करणारा चार-पाच दिवसांत जाऊ शकतो. पण गोणी डोक्यावर घेणारा, बांधकामावर घमेले उचलणारा, भट्टीजवळ घाम गाळणारा, दिवसभर हेल्मेट घालून मोटारसायकल चालवणारा यांचे तसे नाही. त्यांनी किमान दोन आठवड्यांचा विचार करावा, आणि टाके असतील तर जड काम महिनाभर पुढे ढकलावे. मागची शिवण ताणली गेली तर वण रुंद होतो. हेल्मेट कधी घालायचे हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. कडक उन्हापासून डोके काही महिने जपावे लागते.

तंबाखू आणि विडी बंद. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि नव्या कलमाला रक्त मिळत नाही. दारूही काही दिवस बंद असते. आपल्याकडे पाचवे शील घेतलेल्यांसाठी ती एरवीही बंदच असायला हवी, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

त्यानंतर येतो तो काळ, ज्यात आमचा तरुण खचला. दुसऱ्या आठवड्यापासून सहाव्या आठवड्यापर्यंत पेरलेल्या केसांपैकी बहुतेक गळतात. कधी आजूबाजूचे मूळचे केसही धक्क्याने गळतात. माणूस आधीपेक्षा वाईट दिसतो. पुढचे दोन-तीन महिने काहीच होत नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून बारीक, वाकडे, मऊ केस येऊ लागतात, मध्येच पुटकुळ्याही येतात. सहा महिन्यांनी इतरांना फरक दिसतो, पूर्ण निकालाला वर्ष लागते, माथ्यावर दीड वर्षही लागू शकते. कातडी काही आठवडे, कधी काही महिने बधिर राहते. हे सगळे ठरलेल्या वाटेवरचे आहे. वाटेबाहेरचे म्हणजे ताप, पू, वाढत जाणारी वेदना, न थांबणारे रक्त, कातडी काळी पडणे. असे काही दिसले तर घरगुती लेप न लावता त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. शस्त्रक्रियेच्या वेळी किंवा नंतर लगेच धाप लागली, अंगावर गांधी उठल्या, चेहरा किंवा घसा सुजला तर मोठ्या रुग्णालयाकडे धावावे, एक मिनिटही दवडू नये.

मी बी.कॉम. झालेला कारकून माणूस, म्हणून हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही. उदाहरणादाखल २,००० कलमे, दर ३५ रुपये धरू. झाले ७०,००० रुपये. "बिनव्याजी" म्हणत प्रक्रिया शुल्क वगैरे लावून ३,६०० चे २४ हप्ते पडले तर भरणा ८६,४०० रुपये. रोजंदारी ७०० रुपये धरून १२ दिवसांचा बुडालेला रोज ८,४००. नंतरचे औषध महिना ७०० धरले तरी वर्षाचे ८,४००. एकूण १,०३,२०० रुपये. हे आकडे मी समजुतीसाठी धरलेले आहेत, तुमच्या कागदावरचे आकडे घालून पाहा. यात एका बहिणीचे नर्सिंगचे शुल्क बसते का, हे प्रत्येक घराने आपल्यापुरते पाहावे. ज्याला परवडते आणि ज्याला खरोखर हवे आहे त्याने जरूर करून घ्यावे, त्यात कमीपणा नाही. पण लग्न जमावे म्हणून कर्ज काढून केस पेरायचे आणि लग्नानंतर नव्या सुनेने त्याचे हप्ते भरायचे, हे मला पटत नाही.

आणखी एक गोष्ट हिशेबात धरत नाहीत. रोपणाने गळती थांबत नाही. पेरलेले केस राहतात, मागचे मूळचे गळत जातात. मग पुढे केसांची पट्टी, मागे मोकळे मैदान, असे चमत्कारिक दिसते. म्हणून विशीच्या सुरुवातीला चांगला डॉक्टर घाई करू देत नाही. आधी औषध सुचवतो. मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाचे औषध, ते डोक्याला लावायचे. फिनास्टेराइडची गोळी डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय घेऊ नये. काहींना लैंगिक इच्छा कमी होण्याचा त्रास होतो, आणि गरोदर बाईने तर तुटलेल्या गोळीला हातही लावू नये. दोन्ही औषधे सोडली की त्यांचा गुण जातो.

करणारा कोण, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. प्लास्टिक सर्जरीचे किंवा त्वचारोगाचे पदव्युत्तर शिक्षण आणि या शस्त्रक्रियेचे रीतसर प्रशिक्षण असलेल्या डॉक्टरनेच ती करावी, एखाद्या कार्यशाळेला बसून किंवा व्हिडिओ पाहून मिळालेले ज्ञान पुरेसे नाही, असे त्यांत स्पष्ट आहे. २०२५ साली कानपूरमध्ये केसरोपणानंतर दोन अभियंते दगावल्याचे प्रकरण पुढे आले, आणि शस्त्रक्रिया करणारी व्यक्ती दंतवैद्य असल्याचे पोलिसांचे म्हणणे होते. शिकलेली, कमावती माणसे फसतात तिथे आपण जास्त सावध राहायला हवे. डॉक्टरचे नाव आणि नोंदणी क्रमांक मागा, महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंद आहे का ते पाहा. शस्त्रक्रिया स्वतः कोण करणार, मदतनीस किती करणार, तातडीच्या उपचारांची सोय काय, हे विचारा. मधुमेह, रक्तदाब, पूर्वी इंजेक्शनची आलेली रिॲक्शन, चालू असलेल्या गोळ्या, काहीही लपवू नका. प्रश्न विचारले म्हणून जो चिडतो त्याच्याकडून उठून या.

पण या सगळ्याच्या आधीची पायरी वेगळी आहे. केस का गळतात हे तपासून घेणे. दिवसाला ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे. टायफॉइड, डेंग्यू, करोना यांसारख्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ येतात आणि पुढे आपोआप भरतात. बाळंतपणानंतर तसेच होते. आपल्या भगिनींच्या अंगात रक्त कमी असते, लोह कमी असते, थायरॉइड बिघडलेले असते, आणि त्या मात्र तेल बदलत बसतात. तेलाने रक्त वाढत नाही. घट्ट अंबाडा आणि ओढून घातलेल्या वेण्यांनीही कपाळाच्या कडेचे केस जातात. शाळकरी मुलींच्या आयांनी हे पाहावे. गोल गुळगुळीत चकती पडली की तिला आपण चाई म्हणतो. झुरळाने केस खाल्ले म्हणणारे आहेत, कांदा घासणारे आहेत, बिब्बा लावणारेही आहेत. बिब्ब्याने कातडी भाजते. चाईत शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच मुळांवर उलटलेली असते, तिच्यावर त्वचारोगतज्ज्ञांकडे उपचार आहेत. लहान मुलाच्या डोक्यात खवले धरून केस तुटत असतील तर तो नायटा, त्याला पोटातून गोळी लागते आणि घराचा सामाईक कंगवा वेगळा करावा लागतो. कर्करोगाच्या औषधांनी गेलेले केस बहुधा उपचार संपल्यावर काही महिन्यांत येऊ लागतात.

बुलढाणा जिल्ह्याचे उदाहरण तर आपल्या डोळ्यांसमोरचे आहे. २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत बायका-पुरुष-मुलांचे केस दोन-चार दिवसांत गळून टक्कल पडले. दोनशेहून अधिक माणसे. आधी बुरशीचा संशय आला, मग पाण्यावर आला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे पथक येऊन नमुने घेऊन गेले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः तपासण्या करून सांगितले की रेशनच्या गव्हात सेलेनियम हे द्रव्य फार आहे आणि रुग्णांच्या रक्तात, लघवीत, केसांतही ते वाढलेले आहे. पुढे अनेकांचे केस परत येऊ लागले. पण त्या दिवसांत या गावांच्या सोयरिकी अडल्याच्या, बाहेरची माणसे जवळ येईनाशी झाल्याच्या बातम्या येत होत्या. रेशनचा गहू खाणाऱ्या माणसाच्या डोक्यावर टक्कल पडले, तर त्याच्या डोक्याकडे पाहून हसायचे की गव्हाच्या पोत्याकडे पाहायचे?

केशवपनाची सक्ती झालेल्या विधवांच्या बाजूने १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे उभे राहिले आणि त्यांच्या पुढाकाराने नाभिकांनी संप केला. विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही, असे हातावर पोट असलेल्या त्या कारागिरांनी ठरवले. बाईच्या डोक्यावर केस नसणे हे अशुभ, असे मानणारी नजर मात्र अजून गेलेली नाही. आजारपणात केस गेलेल्या भगिनीला हळदीकुंकवासारख्या आपल्या नसलेल्या प्रथांतून नव्हे, तर आपल्याच बारशातून, साखरपुड्यातून मागे बसवलेले मी पाहिले आहे. महिला मंडळांनी याकडे लक्ष द्यावे. तिला विग लावायचा असेल तर लावू द्या, नसेल लावायचा तर तसेच पुढच्या रांगेत बसू द्या. ते तिचे तिने ठरवायचे.

सरकारी आणि महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत त्वचा विभागाची बाह्यरुग्ण सेवा असते. सकाळी लवकर जावे, केसपेपर काढावा. (केसांसाठी केसपेपर, असा विनोद आमच्या तरुणाने रांगेत केला तेव्हाच मला कळले की पोरगा सावरतोय.) जाताना केस केव्हापासून गळतात, आधीच्या चार महिन्यांत ताप, बाळंतपण, उपासतापास, मोठा ताण झाला का, घरात कोणाला टक्कल आहे का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे चिठ्ठीवर लिहून न्यावे. डॉक्टरांपुढे दोनच मिनिटे मिळतात. रक्ताची तपासणी सांगितली तर तिथेच करून घ्यावी. केसांना रंग किंवा चपचपीत तेल लावून जाऊ नये, मूळ नीट दिसत नाही.

तो मुलगा आता सातव्या महिन्यात आहे. कपाळावर बोटभर केस आलेत, हप्ते अजून सतरा बाकी आहेत. मेळाव्याच्या अर्जासाठी त्याने नवा फोटो दिला तो टोपीशिवायचा, पण कपाळाची एक बाजू अजून विरळ आहे, ती त्याने झाकलेली नाही.